६५ विजय, १२ पराभव: बॉस्टन ब्रुइन्सच्या २०२२-२३ च्या साखळी हंगामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाने हॉकीचं नाव काढलं की भारतातून पहिला प्रश्न येतो, "बर्फावरची का?" दुसरा येतो, "आणि ती तुला कळते?" दोन्हींची उत्तरं देऊन दमलो आहे. म्हणून ब्रुइन्सच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमधल्या (पुढे नुसतं 'लीग') बॉस्टनच्या संघाच्या, त्या एका विलक्षण हंगामाबद्दल मला विचारलेले सगळेच प्रश्न इथे एकदाचे उतरवून काढतो. हिशेब साखळी सामन्यांचाच आहे. पुढे बाद फेरीत काय झालं हे बहुतेकांना ठाऊक असतं, आणि त्यापलीकडे काहीच ठाऊक नसतं, तक्रार तीच आहे.

ही हॉकी आपल्या हॉकीपेक्षा किती वेगळी?

नाव आणि काठी सोडली तर जवळजवळ पूर्ण. मैदान बर्फाचं, चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला 'पक' म्हणतात. एका वेळी गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात. २० मिनिटांचे तीन पिरियड. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळतो आणि कुंपणावरून उडी मारून बाकावर येतो, त्याच्या जागी दुसरा जातो. खेळ न थांबवता ही ये-जा सामनाभर चालू असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. एकट्याने ओढून न्यायचा हा खेळ नव्हे.

६५-१२-५ असे तीन आकडे का लिहितात?

पहिला विजयांचा. दुसरा ठरलेल्या ६० मिनिटांत झालेल्या पराभवांचा. तिसरा जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरवर चालून जाऊन लावायचा निकाल) गमावलेल्या सामन्यांचा. विजयाला दोन गुण, जादा वेळेतल्या पराभवाला एक, सरळ पराभवाला भोपळा. ६५ दुणे १३० अधिक ५, म्हणजे १३५ गुण. त्या हंगामात प्रत्येक संघ ऑक्टोबर ते एप्रिल ८२ सामने खेळला. ३२ पैकी १६ संघ बाद फेरीत जातात.

मग विक्रम नेमके कोणते झाले?

मोठे दोन. एका हंगामात सर्वाधिक विजय: आधीचा आकडा ६२, डेट्रॉइट रेड विंग्जचा (१९९५-९६) आणि टँपा बे लाइटनिंगचा (२०१८-१९). ब्रुइन्सनी ९ एप्रिल २०२३ ला फिलाडेल्फियात ५-३ असा ६३वा विजय मिळवला. दोनच दिवसांनी वॉशिंग्टनला ५-२ ने हरवून ते १३३ गुणांवर गेले आणि माँट्रियल कॅनेडियन्सचा १९७६-७७ पासूनचा १३२ गुणांचा विक्रम मोडला. शेवटचा सामना माँट्रियलमध्येच होता. तो ५-४ ने जिंकून १३५ झाले.

यात एक खाचखळगा आहे, आणि तो बॉस्टनचे लोक सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. माँट्रियलने ते १३२ गुण ८० सामन्यांत केले होते: ६० विजय, ८ पराभव, १२ बरोबरी. तेव्हा बरोबरी ही बरोबरीच राहायची. जादा वेळेत निकाल लावून दुसरा गुण खिशात घालायची सोय नव्हती. त्यामुळे "आजवरचा सर्वोत्तम संघ कोणता" या वादात मी माँट्रियलच्याच बाजूने उभा राहतो. (हे वाक्य बॉस्टनच्या लोकलमध्ये मोठ्याने म्हणू नये.)

बाकी वाटेतले मैलाचे दगड भरपूर. १०० गुण ६१ सामन्यांत, ५० विजय ६४ सामन्यांत, दोन्ही आजवर सर्वांत वेगाने. केलेले गोल ३०५, खाल्लेले १७७. मला यातला दुसरा आकडा जास्त आवडतो.

हंगाम सुरू होण्याआधी लोकांना हे दिसत होतं का?

छे. उलट हा संघ आता उतरणीला लागला अशीच चर्चा होती. आघाडीपटू ब्रॅड मर्शंडच्या दोन्ही खुब्यांवर शस्त्रक्रिया झाली होती आणि बचावफळीचा आधारस्तंभ चार्ली मॅकअवॉय खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता. कर्णधार पॅट्रिस बर्जरॉन ३७ वर्षांचा. तो परत खेळणार की निवृत्त होणार यावर उन्हाळाभर तळ्यात-मळ्यात चाललं होतं. त्यात जून २०२२ मध्ये प्रशिक्षक ब्रूस कॅसिडी यांना काढलं. सलग सहा वर्षं संघाला बाद फेरीत नेणारा माणूस! मलाही तो निर्णय पटला नव्हता. डिसेंबरपर्यंत तरी तग धरू दे, मर्शंड-मॅकअवॉय आले की बघू, एवढीच अपेक्षा घेऊन मी १२ ऑक्टोबरचा पहिला सामना लावला. वॉशिंग्टनमध्ये ५-२ ने जिंकले. मर्शंड ऑक्टोबर संपायच्या आत आणि मॅकअवॉय नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतला, तेव्हा संघ आधीच सुसाट सुटलेला होता.

नव्या प्रशिक्षकांनी अशी काय जादू केली?

जिम माँटगोमेरी यांची स्वतःची गोष्टच मोठी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये डॅलस स्टार्सनी त्यांना गैरवर्तनाचं कारण देऊन काढून टाकलं होतं. त्यानंतर त्यांनी दारूच्या व्यसनावर उपचार घेत असल्याचं जाहीर केलं, सेंट लुइसमध्ये दुय्यम प्रशिक्षकाची जागा स्वीकारली आणि तिथून बॉस्टनला आले. पडलेल्या माणसाला चुकीचं भय कमी असावं. चुकलास तर बाकावर बसवीन हा धाक त्यांनी कमी केला. बचावपटूंनाही पुढे घुसायची मोकळीक दिली. हँपस लिंडहोमसारखा शांत बचावपटू त्या वर्षी ५३ गुणांपर्यंत गेला (इथे खेळाडूच्या खात्यात गोल आणि गोलला केलेली मदत दोन्ही धरतात). आधीच्या राजवटीत "मला दुसऱ्या संघात पाठवा" म्हणणारा जेक डेब्रस्क प्रशिक्षक बदलल्यावर ती मागणी मागे घेऊन राहिला आणि पहिल्या फळीत (आळीपाळीने उतरणाऱ्या आघाडीपटूंच्या चार तुकड्यांपैकी पहिलीत) खेळला. वर्षाच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक ॲडम्स पुरस्कार माँटगोमेरींना मिळाला.

बर्जरॉन आणि क्रेची यांनी पैसे सोडले हे खरं?

बऱ्याच अंशी. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते, त्या वर्षी ती ८.२५ कोटी डॉलर होती. बर्जरॉनने एका वर्षासाठी २५ लाख डॉलर मूळ पगार घेतला. आघाडीपटू डेव्हिड क्रेची एक वर्ष मायदेशी चेक लीगमध्ये खेळून १० लाखांवर परतला. दोघांनाही वर बोनस होता. मात्र तो फुकट नव्हता: दोघांच्या बोनसचे ४५ लाख डॉलर पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून कापले गेले. थोडक्यात, वाण्याकडे उधारीचं खातं मांडून लग्न धूमधडाक्यात केलं. पण त्या उधारीमुळेच इतर जागी चांगली माणसं ठेवता आली आणि तिसऱ्या फळीतही कुठल्याही संघात पहिल्या फळीत शोभावेत असे खेळाडू दिसू लागले.

बर्जरॉनला त्या वर्षी सर्वोत्तम बचाव करणाऱ्या आघाडीपटूची सेल्के ट्रॉफी सहाव्यांदा मिळाली. सहा वेळा ती दुसऱ्या कोणीच जिंकलेली नाही.

पास्त्रनाकबद्दल एवढं थोडकं का बोलता?

कारण संघाच्या या सर्वाधिक गोल करणाऱ्या आघाडीपटूबद्दल बाकी सगळे बोलतात. बरं, घ्या: ६१ गोल, ५२ मदती, ११३ गुण. ब्रुइन्सकडून एका हंगामात ६० गोलचा टप्पा गाठणारा फिल एस्पोझिटोनंतरचा दुसराच. तो ६०वा गोल आला संघाच्या ६३व्या विजयाच्या सामन्यात, तेही हॅटट्रिक करून. मार्चच्या सुरुवातीला आठ वर्षांचा ९ कोटी डॉलरचा करार झाला तेव्हा शहराने सुटकेचा निःश्वास टाकला. डावीकडच्या वर्तुळात उभं राहून आलेला पास न थांबवता मारायचा, ही त्याची जागा सगळ्या जगाला माहीत होती. तरी गोल व्हायचेच. क्रेची, पावेल झाखा आणि पास्त्रनाक ही अख्खी चेक तिकडी एकत्र खेळायची, तेव्हा ते आपसात कोणत्या भाषेत बोलतात हे प्रतिस्पर्ध्याला कळायचा प्रश्नच नव्हता.

दोन गोलकीपर कशाला लागतात? आणि ते मिठी काय मारतात?

मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो हा.

बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर म्हणजे अर्धा संघ. पक ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येतो, वाटेत कुणाच्या काठीला लागून दिशा बदलतो, समोर दोन माणसं भिंतीसारखी उभी असतात. सहा महिने हे रोज एकट्याने केलं तर माणूस एप्रिलपर्यंत पिळून निघतो. तरी बहुतेक संघांत एक "मुख्य" असतो आणि दुसरा अधूनमधून, दमलेल्या दिवशी खेळतो. दुसऱ्याला ते टोचत राहतं.

ब्रुइन्सकडे स्वीडनचा लिनस उलमार्क होता आणि अलास्काचा जेरेमी स्वेमन. उलमार्क ४९ सामने खेळला: ४० विजय, ६ पराभव, जादा वेळेत एक. अडवलेल्या फटक्यांचं प्रमाण .९३८, म्हणजे हजारातले ९३८ परतवले. सामन्यामागे सरासरी १.८९ गोल खाल्ले. सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी त्याला मिळाली. स्वेमन ३७ सामन्यांत २४-६-४. सर्वांत कमी गोल खाल्ल्याबद्दलची जेनिंग्ज ट्रॉफी दोघांना मिळून. (हिशेबी वाचकांसाठी: ४० आणि २४ मिळून ६४ होतात. उरलेला एक विजय नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या गोलकीपरने, कीथ किंकेडने, मिळवून दिला.)

आणि प्रत्येक विजयानंतर ती गळाभेट. दोघे अवजड पॅड घालून एकमेकांकडे सरकत यायचे, हात पसरायचे, आणि कोल्हापूरच्या आखाड्यात कुस्ती सुटल्यावर पैलवान भेटतात तसे भिडायचे. लहान मुलं तेवढ्यासाठी जागी राहायची. मला त्यात लाडीगोडी कधी दिसली नाही. एकाच खुर्चीवर डोळा असलेले दोघे खुर्ची वाटून घेत होते. ऑफिसात असं कधी पाहिलंय?

या हंगामाचं मर्म विचाराल तर माझं उत्तर हेच. या संघाने ओझं वाटून घेतलं होतं. गोलकीपरांत, चार फळ्यांत, म्हाताऱ्या कर्णधारात आणि तरुण बचावपटूंत. एक दिवस पास्त्रनाक थंड असला तर चौथ्या फळीतला कोणी गोल करायचा.

घरच्या मैदानावर ते हरतच नव्हते म्हणे?

टीडी गार्डनमध्ये सुरुवातीचे सलग १४ सामने जिंकले. हंगामाच्या सुरुवातीपासून घरी इतके विजय लीगमध्ये कोणी मिळवले नव्हते, आधीचा विक्रम ११ चा होता. ही विजयमालिका ५ डिसेंबरला तुटली, शूटआउटमध्ये, आणि कोणाकडून? व्हेगास गोल्डन नाइट्सकडून. त्यांचे प्रशिक्षक कोण? ब्रूस कॅसिडी. काढून टाकलेला मुनीम पेढीवर येऊन हिशेबातली चूक दाखवून गेला.

ठरलेल्या वेळेतला घरचा पहिला पराभव मात्र थेट १२ जानेवारीला, सिएटल क्रॅकनकडून ३-०. हंगामाअखेर घरी ३४-४-३.

बेसबॉलच्या मैदानावर हॉकी?

हो, २ जानेवारीला, फेनवे पार्कमध्ये, उघड्यावर बर्फ घालून. पिट्सबर्ग १-० ने पुढे होतं. तिसऱ्या पिरियडमध्ये डेब्रस्कने दोन गोल करून २-१ ने सामना काढला. त्याच सामन्यात पायाचं हाड मोडून तो कित्येक आठवडे बाहेर बसला. त्या दुखापतीचंही ओझं इतरांनी उचललं, संघाची चाल मंदावली नाही.

या हंगामावर डाग कोणता?

आहे, आणि तो लपवू नये. नोव्हेंबरच्या सुरुवातीला व्यवस्थापनाने एका तरुण बचावपटूला करारबद्ध केलं. शाळेत असताना एका विकलांग कृष्णवर्णीय सहाध्यायीचा छळ केल्याबद्दल बालन्यायालयात तो दोषी ठरला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. संघातल्या ज्येष्ठांनी उघडपणे नाराजी दाखवली, लीगच्या आयुक्तांनी तो लीगमध्ये खेळायला पात्र नाही असं सांगितलं, दोन दिवसांत करार मागे घेतला गेला. मैदानावर संघ तेव्हा जिंकत होता म्हणून लोक लवकर विसरले. जिंकणाऱ्याचं सगळं माफ होतं, इकडेही.

एवढा चांगला संघ असताना फेब्रुवारी-मार्चमध्ये नवे खेळाडू का आणले?

वॉशिंग्टनहून दिमित्री ऑर्लोव्ह आणि गार्नेट हॅथवे, डेट्रॉइटहून टायलर बर्तुझी. टेलर हॉल आणि निक फोलिन्यो जखमी होते, हे एक कारण. दुसरं, बर्जरॉन आणि क्रेची यांच्याकडे वेळ थोडा होता. भविष्यातल्या निवडीच्या पाळ्या (दरवर्षी नवे तरुण खेळाडू निवडण्याचे हक्क) विकून आजचा दिवस विकत घेतला. मी त्या वेळी टाळ्या वाजवल्या होत्या, आता शहाणपणा दाखवणं बरोबर नाही.

आकड्यांत धोक्याच्या खुणा होत्या का?

होत्या, पण अंधुक. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू दंड म्हणून बाहेर बसतो तेव्हा मिळणाऱ्या पॉवर प्लेमध्ये संघ लीगच्या मधल्या रांगेत होता. उलट स्वतः एक माणूस कमी असताना बचाव मात्र लीगमध्ये पहिला, ८७.३ टक्के. दुसरी खूण मला फार उशिरा दिसली: फ्लोरिडा पँथर्स. साखळीत चार सामने झाले, बॉस्टनने दोन जिंकले, दोन हरले. २८ जानेवारीचा तर जिंकलेलाच होता. शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी होऊन जादा वेळेत निसटला. ज्या संघाने अख्ख्या लीगला झोडपलं तो या एका संघाशी बरोबरीत सुटला होता. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही, कारण फ्लोरिडा बाद फेरीत येईल की नाही याचीच शंका होती. ते ९२ गुणांवर पूर्व विभागातल्या बाद फेरीच्या शेवटच्या जागेवरून कसेबसे आत आले.

शेवटच्या, बिनमहत्त्वाच्या सामन्यात कर्णधाराला का खेळवलं?

यावर बॉस्टनमध्ये आजही चहाच्या कपात वादळ होतं. सगळे विक्रम झाले होते, पहिलं स्थान केव्हाच पक्कं होतं. १३ एप्रिलला माँट्रियलमध्ये बर्जरॉन उतरला. क्वेबेक त्याचं माहेर, तिथले लोक कदाचित त्याला शेवटचं बघत होते. पाठीची दुखापत घेऊन तो मध्येच आत गेला आणि बाद फेरीचे पहिले चार सामने मुकला. माझ्यापुरतं सांगतो: मीही त्याला खेळवलं असतं. आणि नंतर रात्रभर जागा राहिलो असतो.

पहिलं येणाऱ्याला शाप असतो हे खरं का?

साखळीत अव्वल येणाऱ्याला प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळते. ती जिंकून त्याच वर्षी स्टॅन्ली कपही, म्हणजे बाद फेरीअखेरचं विजेतेपद, जिंकणारा शेवटचा संघ २०१३ चा शिकागो. त्यानंतर २०२५ पर्यंत कोणालाच जमलं नाही. टँपाने ६२ विजयांनंतर २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत (प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे असतात) कोलंबसकडून ०-४ असा मार खाल्ला. पण याला शाप म्हणणं हा आळस आहे. या खेळात गोल थोडे होतात, त्यामुळे एखादी उसळी, कुणाच्या स्केटला लागून वळलेला पक सामना फिरवतो. ८२ सामन्यांत अशा उसळ्या दोन्हीकडे सारख्या होऊन जातात. सातांत होत नाहीत. आपण २०२३ च्या विश्वचषकात सलग दहा सामने जिंकून अहमदाबादला गेलो होतो ना? तेच.

बरं, पुढे काय झालं ते एकदा सांगाच.

फ्लोरिडाविरुद्ध ३-१ अशी आघाडी, मग सलग तीन पराभव. ३० एप्रिलला, गार्डनमध्ये, सातव्या सामन्यात एक मिनिट बाकी असताना एका गोलने पुढे होते. बरोबरी झाली, जादा वेळेत ४-३.

माझं दुखणं वेगळं आहे. उलमार्क सलग सहा सामने खेळला. सहा महिने जे ओझं दोघांत वाटलं होतं ते सर्वांत कठीण आठवड्यात एकावर टाकलं, आणि दुसऱ्याला उठवलं ते थेट सातव्या सामन्याला. बाद फेरीत "मुख्य" गोलकीपरच खेळवायचा ही लीगभरची रीत आहे, माँटगोमेरींनी काही जगावेगळं केलं नाही. जगावेगळं त्यांनी साखळीत केलं होतं.

बॉस्टनला हे दुःख नवीन होतं का?

मुळीच नाही, इथे याची परंपरा आहे. १९२९-३० मध्ये ब्रुइन्स ४४ पैकी ३८ सामने जिंकले, फक्त ५ हरले. गुणांच्या टक्केवारीत (.८७५) तो हंगाम आजही लीगच्या इतिहासात पहिला आहे. हंगामभर लागोपाठ दोन सामने हरले नव्हते. तीनपैकी दोन सामने जिंकायच्या अंतिम फेरीत मात्र माँट्रियलने लागोपाठ दोन जिंकले. १९७०-७१ मध्ये बॉबी ऑर आणि ७६ गोल करणारा एस्पोझिटो असलेल्या संघाने ३९९ गोल केले आणि पहिल्याच फेरीत माँट्रियलच्या केन ड्रायडन नावाच्या नवख्या गोलकीपरने त्यांना सात सामन्यांत घरी पाठवलं.

ती सगळी मंडळी आता कुठे आहेत?

बर्जरॉन आणि क्रेची त्याच उन्हाळ्यात, तीन आठवड्यांच्या अंतराने निवृत्त झाले. कॅसिडींनी व्हेगासबरोबर त्याच वर्षी स्टॅन्ली कप जिंकला, तोही फ्लोरिडाला हरवून. उलमार्क २०२४ मध्ये ऑटावाला गेला. माँटगोमेरींना नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलं, काही दिवसांतच सेंट लुइसने बोलावून घेतलं. मर्शंड मार्च २०२५ मध्ये विकला गेला आणि जूनमध्ये कप उचलताना दिसला. फ्लोरिडाच्या जर्सीत. त्या रात्री आमच्या घरी कोणी काही बोललं नाही.

त्या हंगामातला एकच सामना बघायचा तर कोणता?

६३व्या विजयाचा सांगेन असं वाटलं असेल. नाही. २५ फेब्रुवारी, व्हॅंकूव्हर. ब्रुइन्स २-१ ने पुढे, शेवटचं मिनिट. बरोबरीसाठी व्हॅंकूव्हरने गोलकीपर काढून जादा आघाडीपटू उतरवलेला, त्यांची जाळी रिकामी. पक उलमार्ककडे आला. त्याने तो शांतपणे थांबवला, मान वर केली आणि बर्फाच्या या टोकावरून त्या टोकाला मारला. जाळीत. ब्रुइन्सच्या जवळजवळ शंभर वर्षांत गोलकीपरने केलेला पहिला गोल. मी दुसऱ्या पिरियडनंतर झोपायला गेलो होतो. सकाळी फोनवर आलेले संदेश बघून आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय.